डबल बेल

फळ्यावर खडूनं लिहिलंय : लगागा लगागा लगागा लगागा. सर टेबलावर बोटं आपटत तेच म्हणतायत. खालच्या वाचनकक्षातून एक आजोबा वर येतात, तबल्याचा क्लास सुरू झालाय का, एवढं विचारून निघून जातात.

सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयाचा हा वरचा मजला. रविवारचा लेखनवर्ग. इथली अट एकच, पण छळणारी : प्रसंग तोच ठेवायचा आणि दर खेपेला नव्या प्रकारात लिहायचा. कथा मागच्या महिन्यात झाली. आज चहाआधी पद्य, चहानंतर एकांकिका.

पुढे बसलेल्या निवृत्त कंडक्टरकाकांचा प्रसंग आता सगळ्यांना पाठ आहे. मुक्कामी गाडी, एक म्हातारी, तिकिटामागे लिहून दिलेली चार रुपयांची बाकी. ती मागायला विसरते, हे द्यायला. गाडी पुढे जाते. कथेत त्याची तीन पानं झाली होती, त्यातली दोन काकांच्या मनातली.

आज त्यांना ओळीची सुरुवात ‘एसटी’नंच करायचीय.

“नाही जमणार काका. भुजंगप्रयात लघूनं सुरू होतो, ‘ए’ गुरू आहे.”

“लिहिताना गालगा, बोलताना एस्टी म्हणजे गागा,” मागून कॉलेजचा मुलगा. “कसंही मोजा, पहिला गुरूच.”

नर्सताई तोडगा काढतात : उशीरा निघाली पुन्हा एसटीही. सर ‘शी’भोवती गोल करतात. शब्द उशिरा, वृत्तापायी दीर्घ करणारे पुष्कळ आहेत, पण ही सवलत पहिल्याच ओळीत नको. ताई खोडतात, लिहितात : निघाली कधीची पुन्हा एसटीही. चोख बसते. शेवटचा ‘ही’ भरीचा आहे हे सगळ्यांना दिसतंय, कुणी बोलत नाही. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत म्हटल्यावर काका पुटपुटत मोजू लागतात आणि बाराव्या अक्षराला मान हलवतात. त्यांच्या कानाला हे साठ वर्षांपासून येतंय.

गाण्याला तालीम लागते याबद्दल कुणाची तक्रार नसते. लेखन मात्र शिकवता येतं का, म्हणून परिसंवाद भरतात. इथे तो प्रश्न विचारायला कुणाला सवड नाही.

मुलगा गझल आणतो. रदीफ ‘बाकी आहे’, काकांकडूनच उचललेला. काफिये प्रवास, तास, श्वास, काका पुरवतात, “पास.” वर्ग हसतो, सर लिहून घेतात. पण मुलानं म्हातारीला पहिल्या शेरात चढवून पाचव्यात उतरवलंय. सर बॅगेतून सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ काढतात. प्रत्येक शेर म्हणजे स्वतंत्र कविता. म्हातारीला एका शेरातून दुसऱ्यात नेता येणार नाही. मुलगा हिरमुसतो. मला मात्र हाच वर्गाचा खरा धडा वाटतो. कथेनं खपवून घेतलेलं गझल बाहेर काढते, आणि त्यातून उरतं काय, तर एक चांगला रदीफ.

चहा येतो, बिस्किटं संपतात.

एकांकिकेच्या बाई पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत वाढलेल्या. त्या काकांच्या वहीत सरळ काट मारतात. “‘त्याला वाईट वाटलं’ हे प्रेक्षकाला कसं दिसणार? करून दाखवा.” दोन खुर्च्या पुढेमागे लागतात. नर्सताई म्हातारी होतात, पदराची गाठ सोडतात, उतरतात, तिकीट मुठीतच. कंडक्टरच्या तोंडी काकांनी दहा ओळींचं स्वगत लिहिलंय. ते वही उघडतात, मिटतात. एक हात खिशात घालून पैसे चाचपतात, दुसरा वर नेऊन नसलेली दोरी ओढतात. दोनदा.

बाई थांबतात. “आणि स्वगत?”

“आता कुठलं, मॅडम? डबल बेल दिली की ड्रायव्हर थांबत नाही.”