निचऱ्याची चर खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनी शोधा



ऊस तुटून रान मोकळे झाले की क्षारपड, पाणथळ जमिनीत सच्छिद्र पाइपचा निचरा टाकण्याची घाई सुरू होते. काम चांगलेच आहे. पण ही चर तीन-चार फूट खोल जाते, आणि उपसा योजनेच्या पाइपा, मोटारीची केबल, टेलिफोनची फायबर हे सारे बहुधा त्याच थरात असते. ऐन मे महिन्यात सामाईक मेन लाइन फुटली, तर चर एकाची आणि पाणी बंद सगळ्यांच्या लागणी-खोडव्याचे. केबल तुटली तर जिवाशी गाठ. म्हणून मशीन बोलावण्याआधी पुढील क्रमाने तपास करावा.

१) विचारपूस : उपसा योजनेच्या कार्यालयातून लाइनीचा नकाशा मागावा. पाणी सोडणारा माणूस व घरातील वडीलधारी यांना बांधावर आणून जागा दाखवायला सांगावे. शेजाऱ्याची लाइन आपल्या रानातून गेली आहे का, हेही विचारावे.

२) पाहणी : व्हॉल्व्हची चेंबरे, एअर व्हॉल्व्ह, खुणेचे दगड व फलक शोधावेत. दोन चेंबरांमध्ये लाइन सरळच असेल असे धरू नये; ती बांधाच्या कडेने वळलेली असू शकते.

३) कंपन्यांच्या लाइनी : मुंबई-पुणे-सोलापूर इंधनवाहिनीसारख्या मोठ्या लाइनी शेतांखालून जातात. जमीन आपल्याच मालकीची राहते; पण १९६२ च्या कायद्याने त्या पट्ट्यात विहीर, तळे, इमारत व झाडे यांना मनाई आहे. तिथे कंपनीला कळवल्याशिवाय कुदळही मारू नये. २०२३ साली केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाईल अॅप सुरू केले. त्यावर खोदाईची जागा कळवली की नोंदलेल्या लाइनींच्या मालकांना सूचना जाते. मात्र आपल्या जुन्या खाजगी पाइपा त्यात सापडतील या भरवशावर राहू नये.

४) चाचणी खड्डे : केबल शोधण्याचे यंत्र लोखंडी पाइप व केबल दाखवते, नुसती पीव्हीसी पाइप दाखवत नाही. खोलीचाही अंदाज फसतो. सपाटीकरणात कुठे माती निघालेली असते, कुठे चढलेली. म्हणून संशयाच्या जागी चुन्याची फक्की मारून, केबलचा वीजपुरवठा बंद करून, लाइनीला आडवा खड्डा हाताने, फावड्याने, हलके घ्यावा. पहार घालू नये. लाइन दिसल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन फूट मशीन लावू नये.

एवढे करूनही बकेट वीजकेबलला लागलीच, तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहावे, इतरांनी लांब व्हावे व महावितरणला १९१२ वर कळवावे. गॅसचा किंवा पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद करून सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला दूर जावे, विडी-काडी नको. खुणेच्या फलकावरील नंबरला फोन करावा.

शेवटची गोष्ट. आज टाकलेला निचरा उद्या जमिनीखालची लाइनच होणार. चर बुजवण्याआधी बांधापासूनची अंतरे व खोली टेपने मोजून कागदावर उतरवावी, फोटो काढावा आणि तो कागद सातबाऱ्याबरोबर ठेवावा. त्याची एक प्रत गट ऑफिसात दिली, तर पुढे मुलाबाळांना अंधारात चाचपडावे लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी