कुंडी सामाईक, जबाबदारी कोणाची?

जळगावच्या गोलाणी मार्केटवर जुलै २०१७ मध्ये नामुष्कीची वेळ आली. शहराच्या मध्यवस्तीतील हे मोठे व्यापारी संकुल साचलेल्या कचऱ्यामुळे आणि अस्वच्छतेमुळे प्रशासनाच्या आदेशाने काही दिवस बंद ठेवून स्वच्छ करावे लागले. सामाईक जागेत कोणाचा कचरा किती, हे सांगता येत नाही. दुकाने बंद राहिली की फटका मात्र सर्वच गाळेधारकांना बसतो.

अशा संकुलाच्या कुंडीत बाहेरचा कचरा का येतो? घंटागाडीची वेळ चुकलेला रहिवासी, रात्री हातगाडी आवरणारा फळविक्रेता, दुरुस्तीचा राडारोडा टाकू पाहणारा ठेकेदार या सर्वांना जवळची उघडी कुंडी सोयीची वाटते. पहिली पिशवी पडली की दुसऱ्याचा संकोच संपतो. कुंडी भरून वाहू लागली की संकुलातील दुकानदारही कचरा बाहेरच ठेवू लागतात.

प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांना मोठे कचरा उत्पादक ठरवून त्यांच्यावर अधिक बंधने घातली. परक्या पिशवीतील शिळे अन्न पुठ्ठ्यात मिसळले की ही सारी मेहनत वाया जाते. वैद्यकीय कचरा इतर कचऱ्यात मिसळण्यास मनाई असूनही त्यात एखादी वापरलेली सुई आली, तर ती सफाई कामगाराच्या हातात रुतते.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. कुंडी रस्त्यालगत न ठेवता आवाराच्या आत, उजेडात व पहारेकऱ्याच्या नजरेसमोर असावी. झाकणाला कुलूप लावून किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. कचरा टाकण्याची वेळ घंटागाडीच्या फेरीआधी ठेवल्यास कुंडी रात्रभर भरलेली राहत नाही. प्रत्येक गाळ्याच्या डब्यावर क्रमांक घातला, की कोणाचा कचरा हा वाद उरत नाही. त्यानंतरही बाहेरून कचरा येत असेल, तर छायाचित्र, दिवस व वेळ नोंदवून महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी.

मात्र नुसत्या कुलपाने भागत नाही. आत मज्जाव झालेला कचरा भिंतीपलीकडे, नाहीतर गटारात जातो. धुळ्यातील आग्रा रोड, पाचकंदील यांसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत विक्रेत्याने स्वतःचा डबा ठेवणे आवश्यक आहे. २०१६ च्या नियमांनीही फेरीवाल्यांकडून हीच अपेक्षा केली होती. पण तो डबा रिकामा करण्यासाठी बाजार उठण्याच्या वेळी महापालिकेची गाडीही यायला हवी. व्यापाऱ्यांनी आपली कुंडी सांभाळावी आणि महापालिकेने वेळ पाळावी, या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच परक्या कचऱ्याला पायबंद बसेल.