एचटीएमएल ई-मेल

मजकुराबरोबरच त्याची मांडणी, अक्षरांचा आकार व रंग, चित्रे, कोष्टके आणि दुवे यांचे वर्णन ज्यात हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज अर्थात एचटीएमएल या चिन्हांकन भाषेत केलेले असते, असा ई-मेलचा प्रकार. बँकांची खातेविवरणे, प्रवासाची तिकिटे, संस्थांची वार्तापत्रे व खरेदीच्या पावत्या बहुधा या स्वरूपात पाठविल्या जातात. छापील पत्र सर्वांना एकाच रूपात मिळते. एचटीएमएल संदेश मात्र प्रत्येक ग्राहकाच्या संगणकावर वा मोबाइलवर नव्याने रचला जातो. ही रचना करणाऱ्या आज्ञावल्या भिन्न असल्यामुळे एकच पत्र एकाला सुबक, दुसऱ्याला विस्कळीत, तर तिसऱ्याला अपुरे दिसू शकते. संदेश पोहोचविण्याची पद्धत मानकांनी ठरवून दिलेली आहे. तो कसा दिसेल याची हमी कोणीही दिलेली नाही, ही या विषयातील मूलभूत अडचण होय.

इतिहास : ई-मेलच्या वहनाचे व स्वरूपाचे नियम १९८२ मध्ये अनुक्रमे आरएफसी ८२१ व आरएफसी ८२२ या दस्तऐवजांनी निश्चित झाले. त्यांनुसार संदेश हा ७ बिटांच्या ॲस्की संकेतातील ओळींचा बनलेला असे. इंग्रजीखेरीज इतर बहुतेक भाषांची अक्षरे, चित्रे वा ध्वनी पाठविण्याची सोय त्यात नव्हती. ही उणीव नेथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या माइम या मानकाने भरून काढली. त्याच सुमारास टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत विकसित केलेली एचटीएमएल भाषा वेबवर प्रसृत होत होती. १९९७ मध्ये उपलब्ध झालेल्या नेटस्केप मेसेंजर व आउटलुक एक्सप्रेस या आज्ञावल्यांत एचटीएमएल संदेश लिहिण्याची व वाचण्याची सोय होती, आणि तेव्हापासून हा प्रकार सर्वसामान्यांच्या वापरात आला.

संदेशाची रचना : माइममध्ये एकाच संदेशाचे अनेक भाग करता येतात व प्रत्येक भागाच्या आरंभी त्याचा प्रकार नोंदविलेला असतो. ‘मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह’ या प्रकारात एकच आशय दोन वा अधिक रूपांत दिलेला असतो. साधे रूप प्रथम व समृद्ध रूप शेवटी ठेवावे आणि वाचक-आज्ञावलीने तिला समजणारे शेवटचे रूप निवडावे, असा नियम आहे. म्हणून साध्या मजकुराचा भाग आधी व एचटीएमएल भाग नंतर ठेवतात. हा क्रम उलटल्यास समृद्ध रूप दाखविण्यास समर्थ असलेली आज्ञावलीही साधा मजकूरच दाखवू शकते. साधा भाग वगळल्यास एचटीएमएल न वापरणाऱ्या वाचकाच्या हाती चिन्हांकनाचे जंजाळ येते किंवा काहीच येत नाही.

देवनागरी मजकूर : युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह धरून, ३ बाइटांचे असते. जुन्या ७ बिटांच्या मार्गांवरून हे बाइट सुरक्षित जावेत म्हणून त्यांचे पुन्हा संकेतन करतात. ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीत ‘म’ या एका अक्षरासाठी ९ चिन्हे लागतात, तर ‘बेस ६४’ पद्धतीत ४ पुरतात. त्यामुळे मराठी मजकुरास दुसरी पद्धत किफायतशीर ठरते. संकेतन कोणते याची नोंद चुकल्यास वाचक-आज्ञावली ते बाइट पश्चिम युरोपीय अक्षरे समजून वाचते आणि दर अक्षरामागे निरर्थक चिन्हांचे त्रिकूट उमटते.

विषयाच्या ओळीसाठी नियम अधिक कडक आहेत. संकेतित शब्दाची लांबी ७५ चिन्हांहून अधिक असू नये असे बंधन असल्याने बेस ६४ पद्धतीत त्यात देवनागरीची १५ चिन्हेच मावतात. ‘परीक्षेचे वेळापत्रक’ या दोन शब्दांत देवनागरीची १८ चिन्हे व एक मोकळी जागा असल्यामुळे एवढ्या लहान विषयाचेही दोन तुकडे करावे लागतात. तुकडा चिन्हाच्या ३ बाइटांमध्येच पाडल्यास ते अक्षर भंगते. म्हणून तो पूर्ण चिन्हानंतरच पाडावा असा नियम आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फाँट मराठीसाठी वापरले जात. असा फाँट ग्राहकाकडे नसल्यास त्याला केवळ रोमन अक्षरांची असंबद्ध ओळ दिसे.

भिन्नतेची कारणे : वेब ब्राउझरांनी एचटीएमएल व शैलीवर्णनाची सीएसएस भाषा यांची मानके बऱ्याच अंशी एकसारखी स्वीकारली आहेत; ई-मेलच्या क्षेत्रात तसे घडले नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या आउटलुकमध्ये संदेश दाखविण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोररच्या यंत्रणेऐवजी वर्ड या लेखन-आज्ञावलीच्या यंत्रणेकडे सोपविले. या यंत्रणेत घटक मुक्तपणे स्थित करणे, पार्श्वचित्रे, कमाल रुंदी ठरविणे इ. सीएसएसच्या अनेक सोयी चालत नाहीत. वेबवरील पत्रपेट्यांची अडचण वेगळी आहे. परक्याचा संदेश त्यांना स्वतःच्याच पृष्ठात दाखवावा लागतो. त्यातील शैली-नियमांचा परिणाम मूळ पृष्ठावर होऊ नये म्हणून त्या असे नियम गाळतात वा बदलतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेलने आरंभीच्या भागातील शैली-नियम व पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे नियम यांना २०१६ मध्ये मान्यता दिली. तोपर्यंत ते बहुधा गाळले जात. सुमारे १०२ किलोबाइटांहून मोठा संदेश जीमेल मध्येच तोडून उरलेला भाग दुव्यामागे ठेवते. काही आज्ञावल्या अंधाऱ्या पार्श्वभूमीसाठी रंग आपोआप उलटवितात, त्यामुळे काळ्या अक्षरांतील पारदर्शक बोधचिन्ह दिसेनासे होते.

जुळवणीची तंत्रे : या परिस्थितीत वेबवर मागे पडलेली तंत्रे ई-मेलमध्ये टिकून राहिली आहेत. मांडणीसाठी एकात एक बसविलेली कोष्टके वापरतात व एकूण रुंदी साधारणतः ६०० पिक्सेल ठेवतात. शैली-नियम प्रत्येक घटकातच लिहितात, म्हणजे आरंभीचा भाग गाळला गेला तरी ते टिकतात. चित्राची रुंदी सीएसएसबरोबरच एचटीएमएलमधील गुणधर्मानेही सांगतात. केवळ आउटलुकने वाचावयाच्या सूचना सशर्त टिप्पण्यांत ठेवतात. इतर आज्ञावल्या त्या टिप्पणी समजून सोडून देतात. मराठीसाठी आणखी दोन पथ्ये आवश्यक आहेत. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. तसेच ओळीची उंची पुरेशी ठेवावी, अन्यथा वर्डच्या यंत्रणेत वरच्या मात्रा व रफार छाटले जातात. महत्त्वाचा मजकूर चित्रात कधीही देऊ नये. चित्रे बंद ठेवणारा वाचक व पडदा-वाचक आज्ञावलीच्या साह्याने ऐकणारा अंध वाचक या दोघांनाही तो मिळत नाही. म्हणून प्रत्येक अर्थपूर्ण चित्रास पर्यायी मजकूर जोडतात.

संदेशातील फॉर्म : एचटीएमएलमध्ये नाव, तारीख, पसंती इ. माहिती भरण्याचे फॉर्म तयार करता येतात. संदेशात मात्र ते भरवशाचे नाहीत. आउटलुकमधील वर्डची यंत्रणा फॉर्मचे घटक हाताळीत नाही, काही सेवा ते निष्क्रिय करतात, तर काही माहिती पाठविण्यापूर्वी इशारा देतात. भरलेली माहिती तपासणारी स्क्रिप्टही चालत नाही, कारण प्रमुख आज्ञावल्या सर्व स्क्रिप्ट काढून टाकतात. बँकेच्या नावाने बनावट फॉर्म पाठवून परवलीचा शब्द मिळविणे सोपे असल्याने ही बंधने योग्यच म्हणावी लागतात. जीमेलने २०१९ मध्ये एएमपी पद्धतीचा स्वतंत्र भाग जोडून मर्यादित फॉर्मांची सोय केली. पण ती मोजक्याच सेवांनी स्वीकारली. यासाठी संदेशात केवळ दुवा द्यावा व फॉर्म वेबपृष्ठावर ठेवावा, हाच सर्वमान्य मार्ग आहे.

सुरक्षितता : दूरच्या सर्व्हरवरील चित्र मागविले जाताच संदेश उघडल्याची वार्ता पाठविणाऱ्यास मिळते, यासाठी एका पिक्सेलचे अदृश्य चित्रही वापरतात. जीमेल २०१३ पासून अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणवते, त्यामुळे निदान वाचकाचा संगणकीय पत्ता उघड होत नाही. २०१८ मध्ये जर्मनी व बेल्जियम येथील संशोधकांनी ‘ईफेल’ हा दोष प्रसिद्ध केला. त्यात चित्राच्या अपुऱ्या सोडलेल्या पत्त्यापुढे गुप्त संकेतातील मजकूर जोडलेला असतो. सदोष आज्ञावली तो उलगडून पत्त्याचाच भाग समजते आणि हल्लेखोराच्या सर्व्हरकडे पाठविते.

मानकीकरण : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००७ मध्ये पॅरिस येथे या विषयावर परिसंवाद घेतला आणि त्याच वर्षी ‘ईमेल स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ ही चळवळ सुरू झाली, तथापि सर्व आज्ञावल्यांना बंधनकारक असे मानक निर्माण झालेले नाही. म्हणून निरनिराळ्या आज्ञावल्यांत प्रत्यक्ष चाचणी घेणे अपरिहार्य ठरते. चाचणीचा निकष सर्वत्र सारखे दिसणे हा नसून रंग, चित्रे व मांडणी गळून पडली तरी वाचकाला तारीख, रक्कम वा सूचना अचूक कळते की नाही, हा असावा.