तुळजापूरचा नारळ विमानात का चढत नाही?

तुळजापूरहून दर्शन घेऊन निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय आहे, हे धाराशिव जिल्ह्यात कोणीही पिशवी न उघडता सांगेल. प्रसादाचा नारळ, कुंकवाची पुडी, कवड्यांची माळ आणि कुंथलगिरीचे पेढे. पिशवी परगावी नोकरी करणाऱ्या लेकाकडे निघाली असेल, तर त्यात घरच्या तुपाची बरणी, येसर मसाल्याचं पुडकं आणि लोणचंही असतं. एसटीत या पिशवीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. विमानतळावर मात्र तिचा उभा-आडवा पंचनामा करणारं यंत्र बसलेलं असतं आणि त्याला तूप, नारळ, पेढा यांपैकी एकाचंही नाव माहीत नसतं.

धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान उडत नाही. त्यामुळे ही पिशवी आधी सोलापूर, पुणे किंवा हैदराबादचा रस्ता धरते. सोलापूरहून 2025 च्या जूनमध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून तुळजापूर आणि विमानतळ यांच्यातलं अंतर पन्नासेक किलोमीटरवर आलं. नारळ आणि क्ष-किरण यंत्र यांची गाठ पडायला एवढं अंतर पुष्कळ झालं.

नारळावर दोन आरोप आहेत. पहिला त्याच्या वाळलेल्या रूपावरचा. सुकं खोबरं हे संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत 1363 या क्रमांकानं नोंदलेलं आहे आणि त्याचा वर्ग आहे 4.2, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. स्वयंपाकघरातल्या खोबऱ्याच्या वाटीबद्दल हे वाचून हसू येतं. पण चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. ते नीट वाळलेलं नसेल, तर उरलेल्या ओलीवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनानं उष्णता निर्माण होते आणि ढिगाच्या पोटात ती अडकून राहते. तापमान चढलं की तेलाचं ऑक्सिडीकरण वेग घेतं, त्यातून आणखी उष्णता. ओल्या कडब्याची गंज आतून का तापते, हे ज्या शेतकऱ्यानं पाहिलं आहे त्याला खोबऱ्याचं वेगळं समजावून सांगायला नको. बॅगेतल्या दोन वाट्या पेटणार नाहीत हे खरं. पण नियम पदार्थाच्या वर्गावर चालतो, वाट्या मोजत नाही. म्हणून विमान कंपन्या सुकं खोबरं घेत नाहीत.

दुसरा आरोप अख्ख्या नारळावर. जाड कवच, आत सीलबंद द्रव, आणि उघडून दाखवायची सोय नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातातल्या सामानात नेण्याची परवानगी दिली, तीही 20 जानेवारी 2025 पर्यंतच आणि क्ष-किरण, स्फोटक-शोधक यंत्र व हातानं तपासणी या तिन्ही चाळण्या लावून. ती सवलत शबरीमलापुरती होती. तुळजाभवानीच्या नारळाला तिचा उपयोग नाही.

नारळातल्या पाण्याची एवढी धास्ती कशाला? त्याचं उत्तर लंडनमध्ये आहे. 10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघड केला. अटलांटिकपार जाणाऱ्या प्रवासी विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडचं स्फोटक मिश्रण नेण्याचा तो बेत होता. त्या दिवशी ब्रिटनमध्ये हातातल्या सामानातलं जवळजवळ सगळंच बंद झालं. तान्ह्या बाळाचं दूध आईला चाखून दाखवावं लागलं. मग 6 नोव्हेंबर 2006 पासून युरोपात आजचा नियम आला: एका बाटलीत जास्तीत जास्त 100 मिलिलिटर आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पुढं तो जगभर पसरला.

द्रव स्फोटकाची ही पहिली वेळ नव्हती. 29 नोव्हेंबर 1987 रोजी कोरियन एअरचं विमान अंदमान समुद्रावर फुटलं आणि 115 जण गेले. त्या स्फोटात दारूच्या बाटलीतून नेलेलं द्रव वापरलं होतं. 1994 च्या डिसेंबरमध्ये फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याच्या बाटलीतून नायट्रोग्लिसरीन नेलं गेलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. इशारे मिळालेले होते. नियम मात्र बारा वर्षांनी आला.

शंभरच का, ऐंशी किंवा दीडशे का नाही, हा प्रश्न विमानतळावरच्या रांगेत हमखास निघतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे तत्कालीन प्रमुख किप हॉली यांनी 2007 मध्ये एका मुलाखतीत त्याचं एक कारण सांगितलं होतं. काही स्फोटकांचा साठा ठरावीक जाडीपेक्षा बारीक असेल, तर स्फोटाची लाट त्यातून पुढं सरकत नाही, कडेनं ऊर्जा निसटून ती विझते. या जाडीला क्रांतिक व्यास म्हणतात. बाटलीच लहान असली की तो व्यास गाठणं अवघड. म्हणूनच मोठ्या बरणीत तळाशी उरलेलं दोन चमचे तूपही अडतं: मोजमाप भांड्याचं होतं, तुपाचं होत नाही. प्रवासी सर्वांत जास्त भांडतात ते याच मुद्द्यावर, आणि ते भांडण दरवेळी हरतात.

तरी मूळ अडचण यंत्राच्या नजरेची होती.

पट्ट्यावरून बॅग आत गेली की तिच्यावर कमी आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण सोडले जातात. कमी ऊर्जेचे किरण अडवण्याची ताकद अणुक्रमांकासोबत झपाट्यानं वाढते. जास्त ऊर्जेच्या किरणांवर मुख्यतः वस्तूच्या घनतेचा परिणाम होतो. दोन्ही आकड्यांची तुलना करून संगणक वस्तूचा सरासरी अणुक्रमांक काढतो आणि तिला रंग देतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांनी बनलेलं सगळं नारिंगी, मधलं हिरवं, धातू निळे. तुळजापूरची पिशवी या पडद्यावर मोठी देखणी दिसत असणार. पेढे, येसर, तूप, नारळ नारिंगी. पितळेची समई घेतली असेल, तर ती गडद निळी. आणि कवड्यांची माळ? कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सरासरी अणुक्रमांक पंधराच्या आसपास, म्हणजे ती हिरवी. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तुळजापूरच्या कवडीला पडद्यावर तरी स्वतंत्र रंग आहे.

कुंथलगिरीच्या खव्यालाही त्याच वर्षी ते मानांकन मिळालं, पण यंत्राच्या लेखी तो नारिंगी गर्दीतलाच एक. बहुतेक स्फोटकंही नारिंगीच दिसतात. पाण्याचा सरासरी अणुक्रमांक 7.4 आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा 7.7. एवढ्या फरकावर, बॅगेत एकावर एक ठेवलेल्या दहा वस्तूंमधून जुन्या सपाट चित्राच्या यंत्रानं पाणी कुठलं आणि पेरॉक्साइड कुठलं हे सांगणं अशक्यच. 100 मिलिलिटरचा नियम ही त्या आंधळ्या जागेवर लावलेलं तात्पुरतं ठिगळ होतं. ते जवळपास वीस वर्षं टिकून आहे.

द्रव ओळखण्याची एक सुरेख रीत मात्र भारतातच जन्मली होती. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलं, की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. तो बदल द्रवातल्या रेणूंच्या कंपनावर ठरतो. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात; पाण्यात असा बंधच नाही. त्या बंधाचं कंपन लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशात स्वतःची वेगळी रेघ उमटवतं. बाटलीचं बूच उघडायचंही कारण नाही, फक्त ती धातूची नसावी. युरोपात 2014 च्या जानेवारीपासून औषधं, बाळाचं दूध आणि ड्यूटी फ्री दुकानातल्या सीलबंद बाटल्या यांची अशी तपासणी सक्तीची झाली आणि त्यासाठीच्या काही यंत्रांत रामन परिणामच राबतो. आपण 28 फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशी तक्त्यावर हे एक उदाहरण यायला हरकत नाही.

अलीकडं मोठ्या विमानतळांवर दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचं भावंड आलं आहे. ते बॅगेभोवती फिरून शेकडो काप घेतं आणि प्रत्येक ठिपक्याची घनता मोजतं. पाण्याची घनता 1, शुद्ध पेरॉक्साइडची 1.45. झालं की काम, असं वाटेल. पण मधाचीही घनता 1.42 असते आणि काकवी तिच्या आसपासच. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं काकवीची बाटली हातात घेऊन जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं. यंत्रं नवी असली तरी निकाल डळमळतो: युरोपीय संघानं याच यंत्रांच्या जोरावर दिलेली सूट 1 सप्टेंबर 2024 पासून मागं घेतली आणि पुन्हा 100 मिलिलिटर आणलं. उलट एडिंबराच्या विमानतळानं 2025 च्या जुलैमध्ये दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना मोकळीक दिली. एका प्रवासात जाताना चाललेली बाटली येताना कचऱ्यात, असा अनुभव त्यामुळं शक्य आहे आणि त्यात तपासनिसाचा दोष नाही.

आता तूप. ते द्रव की स्थायू? मे महिन्यात धाराशिवला पारा चाळिशीपार असतो तेव्हा बरणी तिरपी केली की तूप धावतं. तेच विमानतळाच्या गारव्यात रवाळ घट्ट होतं. दुधातल्या स्निग्धांशात अनेक प्रकारची मेदाम्लं असतात आणि प्रत्येकाचा वितळणबिंदू निराळा. म्हणून बर्फासारखा एका अंशावर ते आपला निर्णय घेत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी हा घोळ ओळखून द्रव, वायुफवारे आणि जेल अशी एकच मोट बांधली आहे. जे ओघळतं, पसरतं, भांड्याचा आकार घेतं, ते सगळं द्रवच धरायचं. अमेरिकेत तर शेंगदाण्याचं लोणीही द्रव ठरतं. या न्यायानं तूप, लोणचं, बासुंदी, श्रीखंड, ओला ठेचा एका बाजूला; कोरडे पेढे आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या बाजूला. खवा नेमका सीमेवर. साधारण तीस टक्के पाणी असलेला मऊ खवा बोटानं दाबला की दबतो, तसाच राहतो, पण स्वतःहून वाहत नाही. अशा पदार्थाला द्रव म्हणावं का, यावर प्रवाहशास्त्राच्या अभ्यासकांत चर्चा होईल. रांगेत उभ्या जवानाकडं तेवढा वेळ नसतो.

कोरडं म्हणजे सुटलं, असंही नाही. 2017 च्या जुलैमध्ये सिडनीत विमानाविरुद्धचा एक कट पकडला गेल्यावर अमेरिकेनं 30 जून 2018 पासून परदेशातून येणाऱ्या विमानांत हाती नेल्या जाणाऱ्या 350 मिलिलिटरहून जास्त भुकटीची वेगळी तपासणी सुरू केली. येसराचं किलोभराचं पुडकं या मापाच्या सहज वर जातं. शिवाय तिखट आणि मसाले हातातल्या सामानात आपल्याकडंही अडवले जातात, कारण मूठभर तिखट बंद केबिनमध्ये काय करू शकतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मसाला चेक-इनच्या बॅगेत घालावा. तिथं त्याला कोणाची हरकत नसते.

कधी जवान बॅगेवरून किंवा तळहातावरून कापडी पट्टी फिरवतो. पट्टी तापवून तिच्यावरच्या रेणूंना विद्युतभार दिला जातो आणि विद्युत क्षेत्रातून एका नळीत पळवलं जातं. हलके, आटोपशीर रेणू आधी पोचतात, अवजड मागून. शर्यत काही मिलिसेकंदांत संपते आणि पोचण्याच्या वेळेवरून रेणू ओळखला जातो. नॅनोग्रॅमचा माग लागतो, म्हणून चुकीच्या घंटाही वाजतात. सकाळी नायट्रेटचं खत टाकून दुपारी विमान गाठणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावर घंटा वाजू शकते. हृदयरोगी जिभेखाली ठेवतो त्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीतला रेणू तर तंतोतंत स्फोटकातलाच. अशा वेळी गोंधळून न जाता डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी. हात साबणानं धुऊन निघणं त्याहून सोपं.

या सगळ्या उलाढालीत एक वस्तू उलट्या दिशेनं जाते. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातच हवी. लिथियमचा सेल आतून बिघडला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला बिघडवते आणि ही साखळी बाहेरची ज्वाला विझवली तरी थांबत नाही. तिला पाण्यानं थंड करावं लागतं. सामानाच्या कप्प्यात पाणी घेऊन कोण जाणार? 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच पेटलं, सगळे बाहेर पडले, आणि तपासाचा रोख पॉवर बँकेकडं गेला. मर्यादा 100 वॅट-तासांची आहे. बँकेवर छापलेला एमएएचचा आकडा 3.7 नं गुणून हजारानं भागावा: 20,000 एमएएचची बँक 74 वॅट-तास भरते, म्हणजे चालते. आकडा पुसलेली बँक मात्र अडते.

तर निघण्यापूर्वी तूप, लोणचं आणि येसर मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून. पेढे, कवड्यांची माळ आणि पॉवर बँक हातात. औषधं आणि बाळाचं दूध हाताशी, चिठ्ठीसकट. कंपनीचे नियम तिकीट काढतानाच वाचावेत, कारण ते बदलतात. आणि नारळ तुळजापुरातच वाढवून घ्यावा. ओलं खोबरं वाटेत वाटून संपवायला सोलापूरपर्यंतचा तासाभराचा रस्ता पुरतो.