जुना कॉम्प्युटर सुरू होईना? ‘फॉरमॅट मारतो’ म्हणणाऱ्याला आधी थांबवा!

मध्यंतरी सांगलीच्या मार्केट यार्डात एका छोट्या हळद व्यापाऱ्याकडे बसलो होतो. तारीख 19. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-3बीची शेवटची मुदत, आणि आठ वर्षांचा कॉम्प्युटर काळ्या स्क्रीनवर अडकलेला: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. दादा पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “आणा, फॉरमॅट मारून देतो.” मी म्हटलं, दादा, मशीन नवं मिळेल, तीन वर्षांची टॅली कुठून आणणार? जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात.

आधी कान लावा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर जेमतेम तरंगतं. टक-टक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. प्रत्येक रिस्टार्टला तबकडीवर ओरखडे पडू शकतात. मग काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आपलं नाही.

आवाज नसेल, तर पेन ड्राइव्ह काढून बघा. हसू नका, साताऱ्याच्या बॅचमध्ये मसाले विकणाऱ्या एका ताईंचा प्रॉब्लेम एवढाच होता! मग सुरू होताना एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. तारीख भलतीच जुनी दिसली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर2032 सेल बदला. सेल गेला की सेटिंग पुसली जातात, आणि कधीकधी तेवढ्यानेच विंडोज अडतं. तिथे डिस्कचं नावच नसेल, तर वायर भिंतीतून काढून साटा केबल आणि पॉवर केबल नीट दाबून बसवा.

दादांची केबलच सैल निघाली. विंडोज आलं, आणि दादा थेट रिटर्न भरायला बसले. मी उठवलं. आधी टॅलीचं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर! नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या सॉफ्टवेअरने तपासलं, तर पिवळं ‘कॉशन’. म्हणजे खराब सेक्टर होतेच. रिटर्न वेळेत गेलं, आणि त्याच आठवड्यात एसएसडी बसली.

डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोज येत नाही, अशी वेळ आली, तर ती काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फाइल्स उचला. ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर ‘नाही’. चेकडिस्कसुद्धा कॉपी झाल्यावरच.

आणि कॉपी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी सांगलीच्या दुकानांत शिरलं, तेव्हा ड्रॉवरही पाण्यातच होते. एक कॉपी घरी वरच्या मजल्यावर, एक गूगल ड्राइव्हवर.