वाढते वय आणि फेकणारा हात

२५ जुलै २०१९ चा दिवस. जपानच्या इवाते प्रांतात शालेय बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. तो जिंकल्यास ओफुनातो येथील शाळेला पस्तीस वर्षांनी कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळणार होते. ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू फेकून गाजलेला रोकी सासाकी हा सतरा वर्षांचा मुलगा तिच्याच संघात होता. परंतु प्रशिक्षक कोकुबो यांनी त्याला मैदानात उतरवलेच नाही. चार दिवसांपूर्वी त्याने एकाच सामन्यात १९४ चेंडू फेकले होते आणि आदल्या दिवशी १२९. शाळा २ विरुद्ध १२ अशी हरली आणि प्रशिक्षकांवर टीकेचा भडिमार झाला.

वाचकहो, हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, हे आम्ही जाणतो. पण मुलांची शक्ती वाढवावी कशी आणि जपावी कशी, हा प्रश्न प्रत्येक घरचा आहे.

लहान मुलाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. हाडांची वाढ तेथूनच होते. तेथील स्नायू व अस्थिबंध यांच्या मानाने हा थर दुबळा असतो. एकच हिसका शेकडो वेळा बसला की कोपराच्या आतल्या बाजूचा हा थर दुखावतो. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांत हे दुखणे सर्रास आढळते. कोपराचा तुटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या कसलेल्या खेळाडूवर प्रथम केली. आज तीच शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही करावी लागते, ही खेदाची गोष्ट होय.

मग मुलांनी व्यायाम करू नये काय? अवश्य करावा. वजने उचलल्याने उंची खुंटते, हा समज निराधार आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेला शक्तिवर्धक व्यायाम मुलांना हितकारक असतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली स्पष्ट केले आहे. वयात येण्यापूर्वी मुलांचे दंड फारसे फुगत नाहीत. त्यांची शक्ती वाढते ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले राबवू लागतात म्हणून. म्हणून आधी रीत शिकवावी, वजन मागाहून द्यावे.

दुसरे असे की, चेंडू हाताने सुटत असला तरी त्याचा वेग पायांतून उगम पावतो आणि कमरेतून व धडातून खांद्याकडे जातो. जेथे पाय व कंबर कच्ची, तेथे सारा भार खांद्यावर आणि कोपरावर येतो. म्हणून बैठका, उड्या, धावणे, पोट व पाठ यांचे व्यायाम आणि रबरी पट्टे ओढून खांद्याच्या मागील स्नायूंना दिलेले बळ, यांवर भर असावा. बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा ऐकत वाढलेल्या आम्हांला यात नवल वाटत नाही. जोर-बैठकांत सारे अंग राबते, एकटा दंड नव्हे.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. स्नायू बळकट होतात ते श्रमानंतरच्या विसाव्यात. अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या बालक्रीडासंस्थेने २००७ पासून चेंडूंची गणती सुरू केली. तेथे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू फेकता येत नाहीत आणि ६६ वा त्याहून अधिक फेकल्यास चार दिवस विश्रांती सक्तीची असते. जपाननेही २०२० पासून शालेय स्पर्धांत आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली.

सासाकीचे पुढे काय झाले? व्यावसायिक संघात गेल्यावर पहिले वर्षभर तो एकही सामना खेळला नाही. शरीर घडवीत राहिला. १० एप्रिल २०२२ रोजी त्याने प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला पहिल्या तळापर्यंतही पोहोचू न देता सामना जिंकला. त्यानंतरही २०२५ साली खांद्याच्या दुखण्याने त्याला काही महिने बसावे लागलेच. सावधगिरी म्हणजे अभयपत्र नव्हे.

तथापि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलगा वा मुलगी ‘कोपर दुखते’ म्हणाली, तर ते रडगाणे समजू नका. त्या दिवशी खेळ थांबवा. दुखणे राहिल्यास डॉक्टरांना दाखवा. सामने पुष्कळ येतील. हात मात्र जन्मभर पुरवायचा असतो.