कुठलं महाळुंगे?

पुण्यात कुणी 'महाळुंग्याला चाललोय' म्हणालं की जाणकार माणूस आधी विचारतो, 'कुठल्या?' एक महाळुंगे मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीला खेटून, मुळेच्या काठी. दुसरं खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकणच्या कारखान्यांशेजारी. तिसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. त्यात मुळशीतल्या गावाचं नाव कुणी 'महाळुंगे' लिहितं, कुणी 'म्हाळुंगे'. रोमन लिपीत तर ज्याला जसं सुचेल तसं. माणसाचं त्यानं फार अडत नाही. बोलणारा कोण, निघालाय कशाला, यावरून उलगडा होतो. संगणकाच्या लेखी मात्र 'महा' आणि 'म्हा' ही दोन निराळी गावं, आणि नुसतं 'महाळुंगे' लिहिलं तर तिन्ही गावं एकच.

मोबाइल ॲप करून ते आधीपासून चालू असलेल्या सॉफ्टवेअरला जोडणं म्हणजे काय, हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. ॲपचा दिसणारा भाग, म्हणजे बटणं, रंग, चित्रं, महिनाभरात उभा राहतो. त्यापुढचा वेळ खातं ते जुन्या दफ्तराशी नव्याची ओळख पटवून देणं.

महाराष्ट्रातलं याचं ठळक उदाहरण शेतकऱ्यांच्या खिशात आहे. राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून 'ई-पीक पाहणी' हे ॲप सुरू झालं. टाटा ट्रस्टच्या साहाय्यानं ते तयार झालं. त्यामागचं दफ्तर मात्र कितीतरी जुनं: सातबारा. त्यातला गाव नमुना 7 म्हणजे जमीन कुणाची, याचा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. पूर्वी बाराची नोंद तलाठी करत. आता शेतकरी बांधावर उभा राहून पीक निवडतो, क्षेत्र भरतो, फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात.

बारकाईनं पाहिलं तर या ॲपमध्ये शेतकऱ्याला टाइप असं फार थोडं करावं लागतं. जिल्हा, तालुका, गाव यादीतून निवडायचं. मग खातं किंवा गट नंबर. गटाचं एकूण क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) ॲप स्वतःच दाखवतं, कारण ते आकडे जुन्या अभिलेखातून आलेले असतात. यादी देण्यामागचं कारण महाळुंगेच. पडद्यावर नाव दिसतं, पण पलीकडे जातो तो संकेतांक. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक मिळाला. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावागणिक संकेतांक आहेत. नाव माणसासाठी आणि संकेतांक यंत्रासाठी, अशी ही वाटणी. सॉफ्टवेअरवाले या संकेतांकाला 'की' म्हणतात, म्हणजे किल्ली. शब्द चपखल आहे: चुकीची किल्ली लावली तर कुलूप उघडत नाही, भीती असते ती शेजाऱ्याचं कुलूप उघडण्याची.

शिवाय किल्ल्या बदलतात. मुळशीचं महाळुंगे 2021 साली पुणे महापालिकेत आलं. गावाची ओळख मुळशीची आणि कारभार पुण्याचा, तेव्हा 'हे गाव कुणाचं' याचं उत्तर विचारणारा कोण यावर ठरतं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (पीएमआरडीए) महाळुंगे-माण भागात नगररचना योजना हाती घेतली. अशा योजनेत जुन्या जमिनी एकत्र करून रस्ते, मोकळ्या जागा काढतात आणि उरलेल्याचे 'अंतिम भूखंड' पाडून मालकांना परत देतात. भूखंडाला क्रमांक नवा, आकार नवा, कधी जागाही नवी. ज्या ॲपनं 'गट नंबर कधी बदलत नाही' असं गृहीत धरलं असेल, त्याची पंचाईत झालीच म्हणून समजा. म्हणूनच जाणता प्रोग्रॅमर स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक ठेवतो आणि जुना गट नंबर, नवा भूखंड क्रमांक दोन्ही त्याला टांगतो.

हेच नाटक दुकानात, गोदामात रोज चालतं. वितरकाच्या कार्यालयात हिशेब ठेवणारं टॅली असतं. बंगळूरच्या या सॉफ्टवेअरचा जन्म 1986 चा, म्हणजे मोबाइल भारतात येण्याआधीचा. मालकाला वाटतं, विक्रेत्याच्या फोनवरून ऑर्डर थेट टॅलीत पडावी. पडू शकते. टॅलीला बाहेरच्यांशी बोलायची खिडकी आहे; नेहमीच्या मांडणीत 9000 क्रमांकाच्या पोर्टवर ते एक्सएमएल नावाच्या ठरावीक नमुन्यातले निरोप घेतं आणि उत्तर देतं. अशा खिडकीला हल्ली सर्रास 'एपीआय' म्हणतात. खिडकी टाळून मागच्या दारानं थेट माहितीच्या तक्त्यांत लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. जमा-नावे जुळलं का, माल शिल्लक आहे का, कर राज्यातला की आंतरराज्य, हे नियम खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाला ठाऊक असतात, तक्त्याला नाही.

ग्राहक ओळखायचा प्रश्न इथेही आहेच. एका शहरात तीन 'गणेश ट्रेडर्स' सहज निघतात. सुदैवानं जीएसटी क्रमांकानं चांगली किल्ली दिली: 15 अक्षरं, पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र 27), पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. ते आधीच्या 14 अक्षरांवरून गणितानं काढलेलं असतं. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर क्रमांक सर्व्हरकडे जाण्याआधी फोनच सांगू शकतो की गडबड आहे.

आता खरी गमतीची अडचण. विक्रेता तळघरातल्या दुकानात ऑर्डर घेतो, 'पाठवा' दाबतो, गोल चक्र फिरत राहतं. तो पुन्हा दाबतो. पहिल्या वेळी ऑर्डर पोचलीच नाही, की पोचली पण 'मिळाली' हा उलटा निरोप वाटेत हरवला? फोनला हे कळायला मार्ग नाही. 'मिळाली' मिळाल्याचा आणखी निरोप पाठवला तर तोही हरवू शकतो. निरोपांची साखळी कितीही लांबवा, भरवसा नसलेल्या वाटेवर दोन्ही टोकांना पूर्ण खात्री कधीच येत नाही, हे 1975 साली तर्कानं दाखवून दिलं गेलं. दोन टेकड्यांवरचे दोन सेनापती आणि मधल्या दरीत पकडले जाणारे जासूद, अशी त्याची गोष्ट सांगतात.

खात्री मिळत नसली तरी नुकसान टाळता येतं. ऑर्डर पाठवण्याआधीच फोन तिच्यावर एक अनन्य क्रमांक टाकतो. दहा वेळा पाठवली तरी क्रमांक तोच. सर्व्हर वही बघतो: हा क्रमांक आधी आलाय? मग नवी ऑर्डर न घालता पहिलंच उत्तर पुन्हा देतो. चेकचं तसंच असतं. एका क्रमांकाचा चेक दोनदा वटत नाही.

राहिला कार्यालयातला संगणक, जो रात्री आठला बंद होतो. अकरा वाजता आलेली ऑर्डर मध्ये कुठेतरी रांगेत ठेवावी लागते, पोस्टाच्या पेटीतल्या पत्रासारखी, आणि सकाळी टॅली उघडलं की एकेक करून आत सोडावी लागते. तोवर ॲपनं 'नोंद झाली' म्हणू नये, 'स्वीकारली' म्हणावं. शब्दाचा फरक छोटा आहे, पण भांडणं यावरूनच होतात. ई-पीक पाहणीच्या 2022 च्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांच्या आत दुरुस्त करायची मुभा दिली होती. नोंद पक्की होण्याआधीचा हा अवकाश मला त्या ॲपमधली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. तळहातावरच्या पडद्यावर बोट चुकतंच.

तुमच्या धंद्यासाठी कुणी ॲप करून देत असेल, तर रंगसंगती नंतर बघा. विमान मोड लावून 'पाठवा' तीनदा दाबा, मग नेटवर्क चालू करून बिलं किती झाली ते मोजा. आणि पत्त्यात नुसतं 'महाळुंगे' लिहून बघा. 'कुठलं?' असं ॲपनं उलट विचारलं, तरच पैसे चुकते करा.